कॅम्पर बांधताय? मागं सिंगल टायर की डबल, हे ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेतले व्हिडिओ बघून पिकअपवर राहायची खोली, म्हणजे कॅम्पर, बांधायचं भूत डोक्यात शिरतं. तिकडं फोर्ड एफ-३५० किंवा रॅम ३५०० घेताना मागं सिंगल टायर हवेत की डबल (दोन्ही बाजूंना दोन-दोन), हे गिऱ्हाईक ठरवतं. आपल्याकडं बोलेरो पिकअप घेतली की मागं सिंगलच. सहा टायर हवेत तर टाटा ४०७ च्या वर्गात जायचं. थोडक्यात, टायर नाही, गाडीच निवडायची असते.

मी पिकअप घेतली आणि बॉडी पूर्ण झाल्यावर वजनाला नेली. चुकलं ते तिथंच. मागची चाकं तेवढी काट्यावर घेतली, तर ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मर्यादेपेक्षा १८० किलो जास्त! पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो तिचेच, वर इन्व्हर्टरची बॅटरी आणि मिस्त्रीनं प्रेमानं ठोकलेलं जाड प्लायवूड. शेवटी टाकी ८० लिटरची केली, बॅटरी केबिनच्या पाठीला सरकवली. जुनी टाकी ॲक्सलच्याही मागं लटकत होती, त्यामुळं १२० किलो काढले तरी ॲक्सलवरून त्याहून जास्त उतरले. काट्याची पावती सांभाळून ठेवलीय. चेसिस घेतली की रिकामी तोला, मग सुताराला बोलवा.

वजन जास्त भरलं की दोन सल्ले हमखास मिळतात: पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवा, नाहीतर हब बदलून डबल टायर बसवा. पाट्यानं गाडी उचललेली दिसते, पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात. डबलचंही तसंच, आरसीवरचं एकूण वजन त्यानं वाढत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत.

टायरवरचा भाराचा आकडाही नीट वाचा. ११२/११० असेल तर एकटा टायर ११२० किलो पेलतो, जोडीतला प्रत्येकी १०६०. म्हणजे सिंगलवर २२४०, डबलवर ४२४०. फरक मोठा आहे, पण ॲक्सलची मर्यादा कमी असेल तर तीच खरी.

डबल घेतलेल्यांची दुखणी वेगळी. आतला टायर बसला तरी गाडी झुकत नाही, आणि सगळा भार बाहेरच्यावर येतो. सोलापूरच्या एप्रिलात, चाळिशीपार उन्हात, हैदराबाद रोडवर तो फुटायला वेळ लागत नाही. ड्रायव्हर लोक दांडक्यानं टायर ठोकून बघतात. पार बसलेला त्यानं कळतो, दहा पौंड कमी असलेला नाही. आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या आणि गार टायरची हवा गेजनंच बघा. जोडीत एक नवा, एक झिजलेला नको. व्यासात ६ मिमीपेक्षा जास्त फरक असला तर मोठाच जास्त ओझं ओढतो. चहाला थांबलात की दोन्हींजवळ हात नेऊन बघा. एक जास्त तापलेला असेल तर हवा किंवा जोडी चुकलीय.

सिंगलवाल्यांची तक्रार एकच, ट्रक ओलांडून गेला की गाडी डुलते. आधी हवा बघा, मग टपावरचं सामान खाली घ्या. दोघांनीही चाक काढून बसवल्यावर शंभरेक किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे.

सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या मुरमाच्या रस्त्यानं डबल टायरची गाडी नेलीत, तर डांबरी लागताच उतरून जोडीतल्या फटीत बघा. दगड अडकलेला असतो. पहारीनं उचकटताना टायरची भिंत कापली जाते, म्हणून तो घट्ट असेल तर जॅक लावून सरळ बाहेरचं चाकच काढायचं.