गिअरबॉक्सच्या तेलात फेस: ओतण्याआधी आणि उपसण्याआधी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची काठी, काढली आणि तिच्यावर साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे दिसले, की नव्या मेकॅनिकचा हात आधी तेलाच्या डब्याकडे जातो. तो आवरा. फेस तेल कमी असल्यानेही येतो आणि जास्त झाल्यानेही येतो, आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. अंदाजाने अर्धा लिटर ओतलं, तर किरकोळ काम गिअरबॉक्स खोलण्यापर्यंत जाऊ शकतं.

गिअरबॉक्समधले क्लच तेलाच्या दाबावर आवळले जातात. तेल जवळजवळ दाबलं जात नाही, हवा सहज दाबली जाते. हवा मिसळलेलं तेल पिस्टनमागे पोचलं की दाब पोकळ पडतो, प्लेटा घसरतात, तापतात आणि शेवटी जळतात. डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलणं, गिअर बदलताना इंजिनचे फेरे उगाच चढणं, इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी पंपाची बारीक शिट्टी, ही लक्षणं फेसाच्या जोडीने येतात.

पहिलं काम पातळी बरोबर मोजायची. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेल ७० ते ८० अंश सेल्सिअसला असावं लागतं. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि पी मध्ये आणा. काही गाड्यांत माप न्यूट्रलमध्ये घ्यायचं असतं, काहींत इंजिन बंद करून ठरावीक वेळात. हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय काठीला हात लावू नका. काठी पुसून दोनदा बुडवा आणि दोन्ही बाजू पाहा. नळीला लागलेलं तेल एका बाजूवर वर चढतं, म्हणून कमी दाखवणारी बाजू खरी धरायची.

डिपस्टिक नसेल तर ओव्हरफ्लो प्लग (जास्तीचं तेल वाहून जाऊ देणारं बूच) आणि तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर लागतो. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तेल ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असताना प्लग उघडतात, आणि ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. तेल त्याहून थंड असताना प्लगमधून वाहेपर्यंत भरलं, तर गरम झाल्यावर ते फुगून जास्त होतं. जास्त गरम असताना उघडलं, तर नको तितकं तेल वाहून जातं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. फेसाळलेलं तेल जागा जास्त व्यापतं, त्यामुळे तेल खरोखर कमी असतानाही काठी भरलेली दिसते. इंजिन बंद करून फेस पूर्ण बसू द्या, मग इंजिन सुरू करून फेस उठायच्या आत पुन्हा मोजा.

तेल जास्त निघालं तर कारण उघड आहे: फिरणारे ड्रम आणि प्लॅनेटरी गिअर तेलात बुडतात आणि रवीसारखे ते घुसळतात. ही तक्रार बहुधा लांब पल्ल्यानंतर, तेल चांगलं तापल्यावर येते. ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) किंवा डिपस्टिकच्या नळीतून तेल बाहेर येतं. सर्व्हिसनंतर हे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मॅन्युअलमधला एकूण क्षमतेचा आकडा पाहून भरलेलं तेल. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात) काढल्यावर सगळं तेल निघत नाही. मोठा भाग टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतो. म्हणून निघालेलं तेल मोजून ठेवायचं, त्याहून थोडं कमी भरायचं आणि बाकी इंजिन चालू ठेवून पातळी पाहत घालायचं. जास्त झालेलं तेल हातपंपाने डिपस्टिकच्या नळीतून २०० ते २५० मिलीलिटरच्या टप्प्यात काढा आणि दर वेळी पुन्हा मोजा.

पातळी बरोबर असूनही फेस येत असेल, तर खरा शोध इथे सुरू होतो. एक गोष्ट पक्की धरा: पंपाच्या पुढे सगळीकडे दाब असतो, तिथे चीर असेल तर तेल बाहेर पडतं. इंजिन चालू असताना हवा आत ओढली जाते ती फक्त फिल्टरपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या बाजूने. कूलरची नळी गळतेय म्हणून तेलात बुडबुडे आले, असा निष्कर्ष काढू नका. त्या गळतीने तेल कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी.

ओढीच्या बाजूचा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे फिल्टरच्या मानेवरचं सील. जुनं सील गिअरबॉक्सच्या कवचातल्या भोकात चिकटून राहतं, त्यावर नवं चढतं, आणि फिल्टर पूर्ण बसतच नाही. जुनं काढताना भोकाला ओरखडा पडला तरी हवा शिरते. नवं सील गिअरबॉक्सच्याच तेलाने ओलं करून, तिरकं न होऊ देता दाबायचं. मग पंपाचं गॅस्केट, फिल्टरच्या अंगाला गेलेला तडा, आणि खोल पॅनला चुकून लावलेला उथळ पॅनचा फिल्टर तपासा. शेवटच्या चुकीत फिल्टरचं तोंड तेलाच्या वर राहतं आणि वळणावर, चढावर किंवा जोराच्या ब्रेकला पंप हवा गिळतो. जॅक लागून चेपलेला पॅनही पाहा. तो फिल्टरचं तोंड जवळजवळ बंद करतो.

तुंबलेला फिल्टर जरा वेगळा खेळ करतो. साध्या दाबाला खनिज तेलात सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते. फिल्टर तुंबला की पंपाच्या तोंडाशी दाब इतका घटतो की हीच हवा बुडबुडे होऊन सुटते. गळती कुठेच नसते, तरीही शिट्टी ऐकू येते.

प्रेशर टेस्टच्या पोर्टला गेज लावलं की बरंच उकलतं. काटा थरथरत असेल तर हवेचा संशय घ्या. काटा स्थिर पण कमी असेल तर झिजलेला पंप किंवा अडकलेला रेग्युलेटर व्हॉल्व्ह (दाब नेमका ठेवणारी झडप) शोधा. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअर टाकून इंजिनला पूर्ण रेस देणं) करायचीच असेल तर पाच सेकंदांच्या वर जाऊ नका, आणि गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभं नको.

आता तेल स्वतः. काचेच्या बरणीत नमुना घ्या. फेस वर जमून थोड्या वेळात फुटतो. तेलभर पसरलेले बारीक बुडबुडे तासनतास राहिले, तर तेल थकलेलं आहे किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे. बाजारातला फेसरोधक द्रव वरून ओतू नका. सिलिकॉनचं प्रमाण वाढलं की वरचा फेस कमी दिसतो, पण आतली हवा सुटायला उलट जास्त वेळ लागतो.

रंग गुलाबी दुधासारखा असेल तर हवेचा पाठलाग सोडा. बहुधा रेडिएटरमधला कूलर फुटून कुलंट मिसळलं आहे. गरम तव्यावर थेंब टाकला आणि तो तडतडला, तर पाणी आहे. कुलंटमधलं ग्लायकोल क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतं, त्यामुळे नुसतं तेल बदलून भागत नाही. प्लेटा उघडून पाहाव्याच लागतात, आणि कूलर बदलल्याशिवाय नवं तेल भरू नये.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा गरम होताना थोडे मोठे बुडबुडे दिसतील, ते नव्या भरणीतली उरलेली हवा. गाडी चालवून तेल पुरतं तापल्यावर, त्याच तापमानाला आणि त्याच पद्धतीने पातळी पुन्हा मोजा.