जुने उपविधी काढायचे कसे: नगरपरिषदेतल्या नव्या मंडळींसाठी

नवं मंडळ आलं की पहिल्या एक-दोन सभांत कुणीतरी उठतंच, ‘हे इंग्रजांच्या काळचे नियम एकदाचे काढून टाका!’ बाकं वाजतात, ठराव होतो आणि घोंगडं भिजत पडतं. माझी सगळी नोकरी परवाना विभागात झाली, म्हणून सांगते. नुसत्या ठरावाने उपविधी, म्हणजे परिषदेने कायद्याखाली स्वतः केलेला नियम, जात नाही. तो ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्याला घालवावा लागतो.

सुरुवात अभिलेख कक्षातून करा. जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडा, धूळ खा. प्रत्येक उपविधीपुढे सभेचा ठराव, वरची मंजुरी आणि राजपत्रातली प्रसिद्धी अशा तीन गोष्टी लिहायच्या. तिन्हींचा पत्ता नसेल, तर तो बहुधा उपविधी नसून कुण्या जुन्या साहेबाने पाडलेली चाल असते. ती बंद करायला मुख्याधिकाऱ्यांचं परिपत्रक पुरतं. निम्मा भार इथेच हलका होतो.

मग मूळ कायदा पाहा. पश्चिम महाराष्ट्रात 1901 चा किंवा 1925 चा, विदर्भात 1922 चा, मराठवाड्यात 1956 चा. आपल्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने हे सगळे निरसित म्हणजे रद्द केले, पण त्यांखालचे विसंगत नसलेले उपविधी जिवंत ठेवले. आण्यांत फी लिहिलेले कागद अजून दप्तरात सापडतात ते म्हणूनच. दशमान नाणी 1957 साली आली, आमच्या रुमालांना त्याची खबर नाही!

आता छाननी. काही उपविधी वरच्या कायद्यांनी आधीच निकालात काढलेत. बांधकामाचे नियम 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत गेले, फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, खानावळींच्या अन्न परवान्यासाठी 2006 चा. त्यांवर सभेत वाद घालू नका, यादीत टाका आणि पुढे चला.

सायकलचा बिल्ला, टांग्याचा परवाना ही मंडळी निरुपद्रवी दिसतात. पण रद्द करण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचा. टांग्याच्या उपविधीला जोडलेल्या परिशिष्टात कधीकधी अड्ड्याची आणि घोड्यांच्या हौदाची जागा चतुःसीमेसह दिलेली असते. आज तिथे रिक्षा उभ्या राहतात, आणि जागा परिषदेची असल्याचा तेवढाच एक कागद उरलेला असतो. आधी मालमत्ता नोंदवहीत नोंद तपासा, मगच निरसन.

उरले ते खरोखर लागणारे: नळजोडणी, मंडप, जाहिरात फलक. हे नव्याने लिहा, मराठीत लिहा, आणि वकिलाच्या आधी खिडकीवरच्या लिपिकाला वाचायला द्या. ‘परवानाधारकाने विहित मुदतीत नूतनीकरण न केल्यास तो दंडास पात्र राहील’ हे वाचून लोक विचारतात, म्हणजे कधी, किती? ‘परवाना 31 मार्चपर्यंत नूतनीकरण करून घ्यावा, उशीर झाल्यास परिशिष्टातला दंड भरावा’ एवढं पुरे. रकमा परिशिष्टात, म्हणजे शोधायला सोप्या.

रद्द करायचे सगळे एकाच निरसन उपविधीत घ्या, यादी परिशिष्टात. व्यावृत्तीचं कलम विसरू नका: चालू परवाने, थकबाकी, कोर्टातली प्रकरणं यांवर परिणाम होणार नाही, असं स्पष्ट लिहा. 1904 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं संरक्षण आहे, तरी लिहा; तेवढंच वाद कमी.

मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवा. विषय विषयपत्रिकेवर रीतसर घ्या, आयत्या वेळच्या विषयांत कधीच नको. घाईत घेतलेला विषय विरोधक पुढे नक्की उकरून काढतात, आणि त्यांचं चूकही नसतं. मंजुरी आणि राजपत्र होईपर्यंत जुनाच नियम चालू असतो, हे नगरसेवकांनी वॉर्डात सांगून ठेवावं.

राजपत्र हातात आलं की खिडकीवर जा. नियम गेला तरी छापील अर्ज तसाच राहतो, आणि त्यातला जुना रकाना लोकांना दाखले आणायला पळवत राहतो. उरलेले अर्ज आणि पावतीपुस्तकं जमा करून घ्या, संगणकातला फीचा पर्याय काढायला लावा. त्या फीचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं तिचं खातं, बंद करायला लेखा विभागाला लेखी कळवा, नाहीतर पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघतोच: ‘सदर शीर्षाखाली वसुली निरंक, खुलासा करावा.’