पाळणाघराचा खुला दिवस कसा आखावा

पाळणाघर पाहायला या, असे निमंत्रण द्यायचे ठरले की चर्चा लगेच फुगे, फलक आणि पाहुण्यांच्या खाऊकडे वळते. येणाऱ्या आईवडिलांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो आणि तो ते सहसा तोंडाने विचारत नाहीत: आपण निघून गेल्यावर मूल रडू लागले, तर इथे नेमके काय होते? वेळ, खोल्यांची मांडणी, कोणी काय बोलायचे, हे सारे या प्रश्नाला उत्तर मिळेल अशा बेताने ठरवले, तर बाकीची तयारी फार अवघड जात नाही.

नव्या नावनोंदणीच्या दोन-तीन महिने आधीचा दिवस निवडावा आणि तयारीला किमान चार आठवडे हाताशी ठेवावेत. नोकरी करणाऱ्या पालकांना सुट्टीची सकाळ सोयीची असते, आणि ती ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कामाच्या दिवशी संध्याकाळी एखादी तुकडी ठेवता येते. दुपारचे साडेबारा ते अडीच टाळावे, कारण सोबत आलेली लहान मुले त्या वेळी झोपेला आलेली असतात आणि किरकिरणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन कोणीही शांतपणे काही ऐकू शकत नाही. सगळ्यांना एकाच वेळी बोलावणे ही सर्वांत मोठी चूक. चोवीस कुटुंबे येणार असतील तर सहा-सहा कुटुंबांच्या चार तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीला पाऊण तास द्यावा. तीन तासांत काम होते, आणि कोणालाही दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून खोली पाहावी लागत नाही.

रोजची मुले त्या दिवशी हजर असावीत का, यावर मतभेद आहेत. मुले खेळताना दिसली तर पाळणाघर जिवंत वाटते, हे खरे. पण अनोळखी माणसांची गर्दी पाहून तीच मुले बिथरतात, आणि त्यांच्या पालकांनी या पाहणीला होकार दिलेला नसतो. म्हणून खुला दिवस मुले नसताना घ्यावा आणि ज्यांचा विचार पुढे सरकतो, त्या कुटुंबाला एखाद्या साध्या दिवशी सकाळी अर्ध्या तासासाठी एकटे बोलवावे, असे माझे मत आहे. खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात होते.

आदल्या दिवशी सफाई झाली की प्रमुखांनी स्वतः गुडघ्यांवर बसून प्रत्येक खोलीतून एक फेरी मारावी. जमिनीपासून दोन फुटांवर डोळे आणले की खोली वेगळीच दिसते: कपाटाच्या खालच्या कडेला निघालेला पत्र्याचा कोपरा, पडद्याची लोंबती दोरी, झाकण नसलेला विजेचा सॉकेट, खुर्चीच्या पायाशी अडकलेला मणी. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या गुंडाळीतून, म्हणजे साधारण चार सेंटिमीटरच्या भोकातून, जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असा ढोबळ नियम आहे. ती गुंडाळी खिशात ठेवून ही फेरी मारावी. भिंतीवरची चित्रेही याच उंचीवरून पाहावीत. मोठ्यांच्या डोळ्यांच्या रेषेत टांगलेली चित्रे मोठ्यांसाठी असतात, आणि चाणाक्ष पालकाला ते कळते.

सजावटीचा मोह सर्वांत महाग पडतो तो पाळण्यापाशी. एका खुल्या दिवसासाठी आम्ही हौसेने पाळण्यांत मऊ उशा, रजया आणि कापडी प्राणी मांडले होते. एक आई बराच वेळ तिथेच उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, “ताई, बाळ यातच झोपतं का?” मी घाईघाईने “नाही नाही, हे फक्त आजच्यापुरतं” असे उत्तर दिले आणि बोलताबोलताच लक्षात आले की हे उत्तर चुकीपेक्षाही वाईट आहे. एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवर, घट्ट गादीवर आणि ताणून बसवलेल्या चादरीवर झोपवायचे, पाळण्यात उशी, सैल पांघरूण किंवा खेळणे ठेवायचे नाही, हे आम्ही रोज कटाक्षाने पाळत होतो. नेमके तेच आम्ही त्या दिवशी झाकून टाकले होते. तेव्हापासून आमचे पाळणे रिकामेच दिसतात, आणि ते रिकामे का, हे आपणहून सांगितले जाते.

पाहुणे येण्यापूर्वी भिंती वाचून काढाव्यात. कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे याचा तक्ता, मुलांना न्यायला येऊ शकणाऱ्या माणसांची यादी, नावे लिहिलेले फोटो, हे सगळे इतर कुटुंबांचे खासगी तपशील आहेत. तक्ता काढून न टाकता उलटा करून ठेवावा, म्हणजे तो हरवत नाही. दारात नोंदवही आणि एक माणूस असावा, पाहुण्यांनी एकट्याने कोणत्याही खोलीत फिरू नये, आणि आतले फोटो काढायचे की नाहीत हे दारातच सांगावे. खाऊ ठेवायचा असेल तर दाणे आणि अख्खी द्राक्षे यांसारखे घशात अडकणारे पदार्थ टाळावेत. सोबत आलेल्या मुलांसाठी एका कोपऱ्यात खेळणी मांडून तिथे एका ताईंना फक्त तेवढेच काम द्यावे. मूल त्यांच्याकडे कसे रमते, हे आईवडील बोलता बोलता पाहतच असतात.

प्रत्येक खोलीत त्या खोलीच्या ताईंनीच बोलावे. संचालकांनी सगळीकडे पुढे होऊन उत्तरे दिली, तर मूल ज्यांच्या हाती सोपवायचे त्यांचा आवाज पालकांना ऐकूच येत नाही. ताईंना भाषण पाठ करायला लावू नये. हात पुढे करून दाखवता येईल असे एकेक काम त्यांच्याकडे द्यावे. लंगोट बदलण्याची जागा दाखवताना ती जेवणाच्या जागेपासून लांब का आहे, आणि प्रत्येक वेळी आपले हात किमान वीस सेकंद साबणाने कसे धुतले जातात, हे नळ सोडून दाखवावे. फ्रीज उघडून दुधाच्या बाटल्यांवर नाव आणि तारीख कशी लिहिली जाते ते दाखवावे. काढून ठेवलेले आईचे दूध खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस चालते, तर तयार केलेले पावडरचे दूध बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून तासाभरात संपवायचे किंवा टाकून द्यायचे, एवढे कोणत्याही ताईंना न अडखळता सांगता आले पाहिजे. एका मोठ्या माणसामागे किती मुले, हा प्रश्न येणारच. एक वर्षाखालच्या तीन-चार बाळांमागे एक, असे प्रमाण अनेक ठिकाणच्या नियमांत आढळते. पण आकडा सांगताना सकाळी दार उघडते तेव्हा आणि संध्याकाळी शेवटचे मूल जाते तेव्हा प्रत्यक्ष किती जण हजर असतात, तेही सांगावे, कारण विरळ मनुष्यबळ नेमके त्याच दोन वेळांना असते.

रडण्याचा प्रश्न कोणी विचारला नाही तरी आपण काढावा. आईवडिलांपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या आसपास दिसू लागते आणि दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते. आज पाच महिन्यांचे बाळ कोणाच्याही कडेवर हसत जाते, म्हणून पालक निर्धास्त असतात. तेच बाळ दहाव्या महिन्यात दाखल होणार असेल, तर ते रडण्याच्या ऐन वयात येणार आहे, हे आजच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. मग आपली रुळवण्याची पद्धत सांगावी: पहिल्या दिवशी आईबरोबर तासभर, मग आई शेजारच्या खोलीत, मग अर्धा दिवस, आणि निघताना मुलाची नजर चुकवून पळ न काढता सांगून जाणे. पहिल्या आठवड्यात दिवसातून किती वेळा फोन किंवा निरोप येईल, तेही ठरलेले असावे.

जाताना हातात एकच कागद द्यावा. त्यावर शुल्क, शुल्कात काय धरले आहे आणि काय नाही, मूल न्यायला उशीर झाल्यास काय, सुट्ट्या, आणि आजारपणाचा नियम स्पष्ट लिहिलेला असावा. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असलेले मूल घ्यायचे नाही आणि ताप औषधाशिवाय उतरून २४ तास झाल्यावर परत घ्यायचे, हा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. तो आधी कळलेला बरा, नाहीतर पहिल्याच सर्दी-तापाला वाद होतो. जागा शिल्लक नसेल तर तेही सांगावे आणि प्रतीक्षायादीतला क्रमांक लिहून द्यावा.

पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी ताईंसह बसून प्रत्येक कुटुंबाने काय विचारले ते नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहावे, आणि दोन दिवसांच्या आत फोन करताना त्या प्रश्नापासूनच बोलणे सुरू करावे. ज्यांनी दुसरीकडे जायचे ठरवले, त्यांना कारण एकदाच, नम्रपणे विचारावे आणि उत्तरावर सफाई देऊ नये. मात्र दिवे मालवण्यापूर्वी पाहुण्यांसाठी सरकवलेली बाके आणि खेळणी जागच्या जागी न्यावीत आणि ॲलर्जीचा तक्ता पुन्हा सुलटा करून टांगावा, कारण सकाळी दार उघडल्यावर तो उलटवायला कोणालाच सवड नसते.