अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा) दुखत होता, लांब पळणं परत कसं सुरू झालं

सकाळी उठून पाय खाली टेकवला की टाचेच्या वर दोनेक इंच एकदम कडक, चिमटीत धरलं तर जाड आणि दुखरं, पळायला लागलं की मोकळं व्हायचं आणि संध्याकाळी परत लंगडत. बर्फ, आराम, नवे शूज सगळं झालं, आरामात थांबायचं आणि पळलं की पुन्हा तेच. जाम वैताग आला होता.

शेवटी फिजिओने दिलेल्या, अल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरच्या व्यायामाने (१९९८ चा आहे) सुटलं. कठडा धरून जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली, आणि वर येताना चांगल्या पायाने, हे नक्की पाळा. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, थोडा वाकवून अजून ३, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. थोडं दुखतं, चालतं. दुखेनासं झालं की पाठीवर सॅकमध्ये वजन घ्यायचं.

मग सपाटीवर दिवसाआड, १ मिनिट पळणं २ मिनिटं चालणं, आणि टप्प्याटप्प्याने पळणं वाढवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कडकपणा वाढला तर एक टप्पा मागे. घाट अगदी शेवटी.

दुखणं टाचेच्या हाडापाशीच असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.