गाडीचा घोडा कामातून कधी काढावा?

घोड्याचं वय किती, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारते. वीस वर्षं उलटल्यावरही हलकी गाडी मजेत ओढणारे घोडे असतात, आणि चौदाव्या वर्षीच पायांनी संपलेलेही असतात.

त्याच्या उत्साहावरही जाऊ नका. साजाचा आवाज आला की कान टवकारून दाराशी येणारा घोडा धडधाकट असेलच असं नाही. कामाची सवय अंगात मुरलेली असते, आणि दुखणं लपवणं हा या जनावराचा स्वभावच. माझी जुनी घोडी अखेरपर्यंत आपणहून गाडीच्या दोन दांड्यांमध्ये सरकून उभी राहायची. त्याच दिवसांत उतारावर तिचे मागचे पाय दगा देऊ लागले होते.

म्हणून तपासणी उतारापासून सुरू करा. घोडा गाडी ओढतो कसा, हे सगळेच बघतात. तो ती रोखतो कसा, इकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. सपाट पक्क्या रस्त्यावर एकदा चाकं फिरू लागली की फार जोर लागत नाही. उतारावर मात्र गाडीचा रेटा साजाच्या मागच्या, पुठ्ठ्यामागून जाणाऱ्या पट्ट्यावर येतो आणि घोड्याला मागचे पाय पोटाखाली घेऊन तो पेलावा लागतो. रिकामी गाडी, लहानसा उतार, ब्रेकवर हात तयार, अशा बेताने बघा. मागचा भाग एका बाजूला काढून तो तिरका चालतो का? शेपूट झटकतो का? पावलं तोकडी पडतात का? उतार लागताच घाई करत असेल तर तो हुरूप समजू नका. बहुतेकदा त्याला तो भार झटपट संपवायचा असतो. खाली आलात की सपाटीवर गाडीसकट चार पावलं मागे घ्या. डोकं वर फेकून पाय फरपटत मागे येणारा घोडा पाठ किंवा मागचे सांधे दुखत असल्याचं सांगत असतो.

बैठकीवरून पाय नीट दिसत नाहीत, पण ऐकू येतात. दुडकीला दोन ठोके, सारख्या अंतराने. एक ठोका जड आणि एक हलका पडू लागला, तर दुसऱ्या कुणाला लगाम द्या आणि स्वतः खाली उतरून बाजूने बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. कडक रस्त्यावर जास्त लंगडला तर खूर किंवा हाडाकडे संशय जातो. मऊ जमिनीवर जास्त, तर स्नायूकडे किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेकडे. हा केवळ अंदाज असतो, निदान डॉक्टरांनी करायचं.

नालबंदाला जुने नाल फेकू देऊ नका. मी दर वेळचे चारही नाल खडूने तारीख टाकून खिळ्याला अडकवून ठेवते. मागच्या नालाची पुढची कड दर खेपेला जास्त झिजलेली दिसली, तर घोडा पाय उचलून न टाकता घासत नेतोय. नालबंदालाच विचारा, कोणता पाय धरू देत नाही, कोणता लवकर हिसकावून घेतो. त्या माणसाला आपल्याआधी कळलेलं असतं, आपण विचारत नाही म्हणून तो बोलत नाही.

जोडीत फसगत सोपी. धडधाकट घोडा थकलेल्याचं काम गुपचूप करून टाकतो. चढावर दोघांचे ओढीचे पट्टे बघा: एकाचे ताठ आणि दुसऱ्याचे लोंबते राहिले, तर गाडी एकटाच ओढतोय.

नाडी जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी लागते. विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44 ठोके. नेहमीची फेरी, नेहमीचा वेग, आणि थांबल्यावर दहा मिनिटांनी मोजून वहीत लिहा. दुसऱ्या घोड्याशी नको, त्याच घोड्याच्या मागच्या नोंदींशी ताडा. हवामान आणि वजन तेच असताना नाडी उतरायला महिन्यागणिक जास्त वेळ लागत असेल, तर डॉक्टरांना बोलवा.

काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. दात खराब झाल्यामुळे घोडा हाडकतो. वयाबरोबर अंगाची ठेवण बदलते आणि जुना साज टोचू लागतो. उन्हाळा आला तरी लांब केस झडले नाहीत तर कुशिंग रोगाची (म्हाताऱ्या घोड्यांना होणारा संप्रेरकांचा आजार) तपासणी करून घ्या. त्यावर औषध आहे, आणि दुर्लक्ष केलं तर खुरांचा दाह मागे लागू शकतो. हे सगळं बघून झाल्याशिवाय घोड्याला म्हातारा ठरवू नका.

दोन गोष्टींवर मात्र मी चर्चा करत नाही. वेदनाशामक दिल्याशिवाय घोडा काम करू शकत नसेल, तर काम बंद. औषधाने दुखणं दबतं, सांध्याची झीज थांबत नाही. आणि गाडीला जुंपलेला असताना तो गुडघ्यांवर येऊ लागला किंवा नजर अधू झाल्यामुळे बुजू लागला, तर त्याच दिवशी साज उतरवा. दांड्यांमधला घोडा पडला की बसलेली माणसंही पडतात.

या दोन्ही टोकांच्या अलीकडे बरीच जागा आहे. हलकी गाडी, सपाट वाट, दुडकीऐवजी साधी चाल, एक दिवसाआड काम. सहा-आठ आठवडे असं करून बघा आणि नोंदी ठेवा. सुधारणा दिसली तर तेच त्याचं नवं काम.

काढायचंच ठरलं तर एकदम सोडून देऊ नका. फेऱ्या हळूहळू कमी करा आणि त्याच मापाने दाणाही. काम बंद आणि खुराक तोच, यातून लठ्ठपणा आणि खुरांचे आजार येतात. दिवसभर मोकळं फिरू द्या. जागेवर बांधून ठेवलेला म्हातारा घोडा आखडतो. नाल काढले तरी खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी हवीच, दातांची तपासणी वर्षातून दोनदा. सोबतीला दुसरं जनावर असू द्या. जोडीतला असेल तर मागे राहणाऱ्या जोडीदाराला आधीपासूनच एकट्याने जुंपायचा सराव द्या. नाहीतर पहिल्याच दिवशी तो तबेल्याकडे तोंड करून रस्त्यात आडवा उभा राहील.