नाकातली नळी चोक झाली तर

रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड (पातळ अन्न) उतरेनासं झालं की पहिला हात जातो सिरिंजच्या दट्ट्याकडे. तो आवरा. जोर लावून नळी क्वचितच मोकळी होते, फुटते मात्र सहज. सिरिंज जितकी लहान तितका नळीत दाब जास्त, म्हणून ५ मिलीची लावूच नये, ५० मिलीचीच वापरावी.

आधी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण बघा. ती सरकली असेल, किंवा रुग्णाला ठसका, धाप लागत असेल, तर पाण्याचा थेंबही आत घालू नका, डॉक्टरांना फोन करा. खूण जागेवर असेल तर नळी चिकटपट्टीखाली किंवा उशीखाली दुमडली आहे का ते पाहा. बॅटरी घेऊन तोंडातही डोकवा. उलटी किंवा जोराचा खोकला झाल्यावर नळी कधी घशातून वर येऊन तोंडात वेटोळं घालते आणि बाहेरची खूण मात्र जशीच्या तशी असते. तसं दिसलं तर फीड, पाणी सगळं बंद.

नळी जागेवर असूनही चोक आहे, असं दिसलं की रुग्णाला उशाकडून ३० ते ४५ अंश उचलून बसवा. रिकामी सिरिंज लावून हलकेच मागे ओढा, येईल ते टाकून द्या. मग १० ते २० मिली कोमट पाणी भरून दट्ट्या हळूहळू पुढेमागे करा. नळी बोटांनी बाहेरून चोळत राहा. पाणी आत गेलं नाही तरी तसंच १५-२० मिनिटं राहू द्या, गोळा भिजून सुटतो. मग पुन्हा एकदा. एवढ्यावर नाही सुटली तर नाद सोडा आणि नळी बदलून घ्या. तार घालणं जिवावर बेतू शकतं. लिंबूपाणी, कोला हे उपाय उलटे पडतात, कारण आंबटाने आतलं दूध, प्रोटीन फाटून गुठळी आणखी घट्ट होते. रुग्ण इन्सुलिनवर असेल तर फीड चुकल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, नेहमीचा डोस परस्पर देऊ नका.

नळी चोक होण्यामागे बहुतेक वेळा गोळ्याच असतात. सिरप मिळत असेल तर तेच मागा. गोळी खलबत्त्यात अगदी पिठासारखी करून पाण्यात विरघळवा. प्रत्येक औषध वेगळं द्या, मध्ये १० मिली पाणी. नावापुढे एसआर, ईआर असलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, आणि पॅन्टोप्रॅझोलसारख्या आवरणाच्या गोळ्या कुटायच्या नसतात, पर्याय विचारा. इसबगोल तर नळीत फुगूनच बसतं.

नाचणीची पेज गरम असताना पातळ दिसते, निवली की दाटते. म्हणून कोमट झाल्यावर गाळा, डाळीचं पाणी बारीक गाळणीतून दोनदा. फीड दट्ट्याने ढकलू नका. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरा, २०० मिली उतरायला १५-२० मिनिटं लागू द्या. फीडच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ३० मिली पाणी. पाण्यावर मर्यादा असलेल्या किडनी, हृदयाच्या रुग्णांनी हे आकडे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावेत. फीडनंतर तासभर आडवं करू नका.

नाकातली नळी निघून आली तर घरी परत सरकवू नये. पेग, म्हणजे पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात बसवलेली नळी, निघाली तर जास्त घाई हवी, कारण ते छिद्र काही तासांतच आवळायला लागतं. स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी सोबत घ्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा.