विज्ञानाच्या बातमीवर फळाभर विनोद कसा करावा

कराडात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दाराशी दोन बाय तीन फुटांचा फळा. पूर्वी त्यावर "स्पायरल बाइंडिंग करून मिळेल" एवढंच असायचं. २०११ पासून मी तिथे रोज सकाळी विज्ञानाच्या नाहीतर तंत्रज्ञानाच्या एखाद्या बातमीवर एक ओळ लिहितो. बी.एस्सी. फिजिक्सचा दुसरा काही उपयोग झाला नाही, तो असा झाला. माझ्या अक्षरात फळ्यावर जेमतेम दहा-बारा शब्द मावतात. कॉलेजची पोरं विचारतात, "काका, तुम्हाला सुचतं कसं?" सुचत काही नाही. बातमी शेवटपर्यंत वाचावी लागते.

पहिलं म्हणजे मथळ्यावर विनोद करू नका. तो तुमच्या आधी अख्ख्या गावाने केलेला असतो. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली की न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा जोरात पळाले. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेतून सोडलेले कण जमिनीखालून ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सास्सोच्या प्रयोगशाळेत पोचले, तेही प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी. प्रकाशापेक्षा जोरात काही पळू शकत नाही, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. म्हणून मी सकाळी लिहिलं, "आइन्स्टाइन नापास." जो तो तेच म्हणत होता. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बातमी पुरी वाचली आणि कॅल्क्युलेटर काढला. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश जातो १८ मीटर. म्हणजे ७३० किलोमीटरच्या शर्यतीत १८ मीटरची आघाडी! फळा पुसला आणि लिहिलं, "१८ मीटरने जिंकला म्हणता? आधी टेप तपासा." ते शास्त्रज्ञ स्वतःही हेच सांगत होते, की आमची चूक कुठे होतेय ते बघा. पण ते बातमीच्या खालच्या परिच्छेदात होतं, आणि तिथवर कोण जातं?

फेब्रुवारी २०१२ मध्ये चूक सापडली. जीपीएसची वेळ आणणारी ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेलीच नव्हती. त्या दिवशीची ओळ: "टेप नाही, केबल. आमच्या केबलवाल्याला इटलीहून बोलावणं." आमच्या गल्लीतला केबलवाला स्वतः येऊन फळ्याचा फोटो काढून गेला. म्हणून बातमीतला आकडा शोधा आणि तो रोजच्या मापात उतरवून बघा. नॅनोसेकंदावर कुणी हसत नाही, १८ मीटरवर हसतात.

आकडा उतरवताना गणित मात्र नीट करा, कारण विनोदात चुकलेलं गणित बातमीत चुकलेल्या गणितापेक्षा लवकर पकडलं जातं. २०१४ साली मंगळयान पोचलं तेव्हा रिक्षाचा विनोद देशभर चालला. ४५० कोटी रुपये, ६५ कोटी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. रिक्षापेक्षा स्वस्त. हिशेब बरोबर होता म्हणून विनोदही बरोबर होता. मग ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो, आणि दुकानातल्या पोराने तीच ओळ चंद्राला चिकटवली: "चांद्रयान रिक्षापेक्षा स्वस्त!" प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स घ्यायला आलेल्या गणिताच्या एका मॅडमनी उभ्या उभ्या भागाकार केला. खर्च सुमारे ६१५ कोटी, चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. सरळ रेषेत धरलं तर किलोमीटरला १६,००० रुपये. पोराचा चेहरा पडला.

मी परत आल्यावर फळा पुसला नाही. चुकलेला विनोद पुसण्यापेक्षा त्यातून दुसरा काढावा. खाली लिहिलं, "जवळचं भाडं रिक्षावाल्याला परवडत नाहीच." पण खरी गंमत त्याच्याही पुढे होती. १९६९ साली अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं. आपलं यान १४ जुलैला निघून २३ ऑगस्टला उतरलं, म्हणजे ४० दिवस. आपलं रॉकेट त्यांच्याइतकं दांडगं नाही. त्यामुळे यान आधी पृथ्वीभोवती घिरट्या घालतं आणि पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिन पेटवून कक्षा लांबवत नेतं. इंधन वाचतं, वेळ जातो. हे कळल्यावर ओळ आपोआप आली: "फिरवून नेलं, पण दारात सोडलं." स्टँडवरचे रिक्षावाले आठवडाभर ती एकमेकांना म्हणत होते. ती ओळ पहिल्या दिवशी सुचणं शक्यच नव्हतं, कारण पहिल्या दिवशी मला कक्षेचं काही माहीत नव्हतं.

एक पथ्य मी पाळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ मधून चंद्रावर उतरणाऱ्या विक्रमचा संपर्क चंद्रापासून २.१ किलोमीटरवर तुटला, त्या सकाळी फळा कोरा ठेवला. दोन-तीन जणांनी येऊन विचारलं, आज काही नाही? नाही म्हटलं.

घरच्या लोकांचं प्रकरण वेगळं. आमचे नानाकाका दर ऑगस्टला व्हॉट्सअॅपवर पाठवतात की २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, रात्री साडेबाराला गच्चीवर या. ही बातमी २००३ ची आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरंच पृथ्वीच्या फार जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. मूळ मजकुरात होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ एवढा दिसेल, जेवढा नुसत्या डोळ्यांनी पूर्णचंद्र दिसतो. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली, डोळे राहिले. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स काढत गेलं की कागदाची कड अशीच खात जाते. सातबाऱ्यावरचा गट नंबर जातो तसा.

तर वडीलधाऱ्यांना चारचौघांत "काका, हे खोटं आहे" असं लिहू नये. ते खोटं मागे घेत नाहीत, ग्रुप सोडतात. मी लिहिलं, "काका, चहा ठेवायला सांगा, मी दुर्बीण घेऊन येतो. तुमच्या पत्रातली वाटेत पडलेली दिसते." त्यांनी फोन करून विचारलं, कसली दुर्बीण? मग अर्धा तास मंगळावर बोलणं झालं. काका अजूनही दर ऑगस्टला ते पाठवतात, पण आता खाली स्वतःच लिहितात, "दुर्बीण आणणे."

विनोद विनोदासारखा दिसला पाहिजे, हे मी पैसे मोजून शिकलो. २९ फेब्रुवारी २०२४ ला लीप दिवसाची बातमी होती. मी लिहिलं, "आजच्या कागदाची झेरॉक्स पुन्हा चार वर्षांनीच." एक आजोबा खेड्यातून आले होते. त्यांनी मुकाट्याने सातबाऱ्याच्या दहा प्रती काढून घेतल्या. निघताना म्हणाले, "बरं झालं बाबा, आजच आलो." मला घाम फुटला. प्रती त्यांना दिल्या, पैसे परत केले आणि फळा तिथल्या तिथे पुसला. सरकारी कागद, दवाखाना, पैसे या तिन्हींवर खोटी सूचना लिहायची नाही असं तेव्हापासून ठरवलंय. माणसंच फसतात असंही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलच्या एआयने लोकांना रोज एक लहान दगड खाण्याचा सल्ला दिला. तो आला होता द ऑनियन या अमेरिकेतल्या विनोदी वृत्तपत्रातल्या थट्टेतून. पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घाला, हा सल्लाही कुणाच्या तरी जुन्या चेष्टेतूनच उचललेला. त्या दिवशी मी लिहिलं, "डिंक २० रुपये. खाण्यासाठी नाही. यंत्रांनी नोंद घ्यावी."

यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे स्वतःच्या धंद्यातला शब्द वापरा. डॉक्टर असाल तर गोळ्यांचा, शिंपी असाल तर मापाचा. आणि विचित्र वाटणाऱ्या संशोधनावर "यांना दुसरा उद्योग नाही" ही ओळ लिहू नका. आंद्रे गाइम नावाच्या शास्त्रज्ञाने नेदरलँड्समध्ये एका जबर चुंबकाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला. बेडकात पाणी भरपूर, आणि चुंबक पाण्याला किंचित दूर ढकलतो. चुंबक पुरेसा ताकदवान असला की तेवढ्यावर बेडूक हवेत राहतो. त्याला २००० सालचं इग नोबेल मिळालं, आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. जग हसलं. २०१० मध्ये त्याच गाइमला, नोव्होसेलोव्ह या सहकाऱ्याबरोबर, खरं नोबेल मिळालं. ते ग्राफीनसाठी: एका अणूइतका जाड कार्बनचा थर. आणि तो त्यांनी काढला कशाने? ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावायची, ओढायची, पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची.

ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. चिकटपट्टी माझ्या काउंटरवर. हे मला उशिरा कळलं, पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी लिहिलं: "पेन्सिल, सेलोटेप इथे मिळेल. नोबेल बाहेरून आणावे."

त्या सकाळी अकरावीतली एक मुलगी आली. म्हणाली, "काका, एक फोर-बी पेन्सिल आणि एक टेप द्या." पैसे दिले, गेली. संध्याकाळी पुन्हा दारात. हातात टेपचा राखाडी पडलेला तुकडा. "काका, हे ग्राफीन आहे का?"

मी तो उजेडाकडे धरून बघितला. ती म्हणाली, अठरा वेळा ओढलाय. मी म्हटलं, माझ्याकडे तेवढा मोठा भिंग नाही गं. तरी आम्ही तो काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलाय, दरपत्रकाच्या शेजारी. गिऱ्हाईक विचारतं, हा कसला डाग?